जहाजाला 'ती' म्हणणं म्हणजे पुरुषी मालकी?

दर्यावर्दी: काल इथे एकाने ठोकून दिलं, 'जहाज असो की गाडी, पुरुष तिला बाई करतो, कारण दोघींवर त्याला हुकूम चालवायचा असतो.' डोकं फिरलं वाचून. अहो, ही इंग्रजीतली भानगड. तिथे निर्जीव वस्तूला लिंग नसतं, तरी जहाजाला 'शी', म्हणून वाद. लॉइड्स लिस्ट या जहाजांच्या बातम्या देणाऱ्या जुन्या इंग्रजी पत्राने २००२ मध्ये 'शी' सोडून 'इट' धरलं. आपल्याकडे जहाज 'ते', मचवा 'तो', होडी 'ती'. सुकाणू तिघांचंही माणसाच्याच हातात ना? विक्रांत हे नाव पुरुषाचं, तरी २०२२ मध्ये ती नौदलात 'दाखल झाली', कारण नौका स्त्रीलिंगी. विषय संपला.

ओवी_पुणे: संपला कसा? गाडा मोठा, गाडी लहान. सुरा-सुरी, डबा-डबी, सगळीकडे तेच, मोठा तो 'तो', लहान ती 'ती'. बरं, ट्रक, डंपर, ट्रॅक्टर हे तर बाहेरून आलेले शब्द. त्यांना 'तो' आणि स्कूटीला 'ती' कोणी केलं? आपणच ना?

दर्यावर्दी: मग बस लहान आहे का? ट्रेन? बुलेटचं एवढं धूड, तरी ती बुलेट. मोटारगाडी, आगगाडी बोलायची सवय होती, त्यामागून या सगळ्या स्त्रीलिंगी झाल्या.

नाखवा_रायगड: आमच्या होडीला एकवीरा आईचं नाव आहे. बाबा आधी नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हात लावून पाया पडायचे, मगच होडीत चढायचे. मालकीच्या वस्तूच्या कोण पाया पडतं? ती पोसते आम्हाला.

ओवी_पुणे: पाया पडता, पण घरातल्या बाईच्या हाती सुकाणू देता का? मी कार शिकायला गेले तर क्लासचे मास्तर म्हणाले, 'ताई, तुम्हाला स्कूटीच बरी.' फी भरली होती मी!

नाखवा_रायगड: आमच्या बायका पहाटे बंदरावर मासळीचा लिलाव करतात. घरचा पैसा त्यांच्या हातात असतो. माहिती नसताना बोलू नका.

दर्यावर्दी: मास्तर मूर्ख होता, त्याचं खापर व्याकरणावर कशाला?

ओवी_पुणे: तुमच्यावर गेली नाही ना वेळ, म्हणून सोपं वाटतं.

बार्शीकर: माझी आई ट्रॅक्टर चालवते. 'तो' ट्रॅक्टर. सुरुवातीला लोक बांधावर उभे राहून बघायचे, एक काका तर वडिलांना बोलून गेले. आता तेच काका पेरणीला तिला बोलावतात. 'तो'ने तिला अडवलं नाही, माणसांनी अडवलं.

दर्यावर्दी: हेच म्हणतोय मी! गाडा-गाडीत लहान ते स्त्रीलिंगी होतं, एवढं ओवीताईंचं मान्य. पण त्यावरून जहाजाला बाईची गुलामी चिकटवणं मान्य नाही.

ओवी_पुणे: चला, एवढं तरी मान्य केलंत. बार्शीकर, आईंना ट्रॅक्टर शिकवला कोणी?

बार्शीकर: कोणी नाही. नांगरटीला माणूस मिळेना, म्हणून स्वतःच बसली.