खांद्याचा एमआरआय: पार्शल टेअर म्हणजे लगेच ऑपरेशन नव्हे

ताई, आईंच्या रिपोर्टमध्ये सुप्रास्पायनॅटसला (हात वर उचलायला मदत करणारा खांद्याचा स्नायू) 'पार्शल टेअर' आलंय आणि वरच्या प्रतिसादांत दोघातिघांनी ऑपरेशन उरकून टाका असं सांगितलंय, म्हणून लिहितेय. मी फिजिओ आहे. आधी धसका घेऊ नका. साठीच्या आसपास खांदा अजिबात न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही असे टेअर सर्रास दिसतात. पार्शल म्हणजे टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) आरपार तुटलेला नाही. पडून, हिसका बसून टेंडन पूर्ण तुटला आणि हात वर जाईनासा झाला, तर गोष्ट वेगळी. तिथे सर्जनकडे जायला उशीर नको.

आईंना मधुमेह आहे आणि ब्लाउजच्या हुकापर्यंत हात जात नाही म्हणालात, म्हणून मला फ्रोजन शोल्डरची, म्हणजे खांद्याचा सांधा आखडल्याची, शंका जास्त येते. घरी बघा: कोपर अंगाला चिकटवून काटकोनात वाकवायचं आणि तुम्ही त्यांचा पंजा हलकेच पोटापासून बाहेरच्या बाजूला न्यायचा. दुसऱ्या हाताच्या मानाने खूप आधी अडला, तर सांधा आखडलाय. हे स्कॅनपेक्षा हाताने तपासूनच नीट कळतं, पण हल्ली खांद्याला हात लावायच्या आधीच एमआरआय लिहून देतात, असो.

तसं असेल तर सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि नियमित व्यायाम यांनी बहुतेकांना आराम पडतो, पण महिने जातात. इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहा. लोकलमध्ये वरची कडी दुखऱ्या हाताने धरू देऊ नका. रिपोर्टमध्ये 'रिट्रॅक्शन' (तुटलेला टेंडन मागे ओढला जाणं) किंवा 'फॅटी ॲट्रोफी' (स्नायू बारीक होऊन त्यात चरबी भरणं) असं काही लिहिलंय का, तेवढं कळवा.