मदत हवी आहे: उन्हाळ्यात टँकमधले झोआ (बटणांसारखे मऊ प्रवाळ) पांढरे पडले, लेदर प्रवाळ मिटलेलंच

ठाणे. दगड धरून साधारण 50 लीटर खारं पाणी. क्लाउनफिशची जोडी, झोआंचे दोन गुच्छ, एक टोडस्टूल लेदर, चार मशरूम प्रवाळ. मेअखेर आठवडाभर पाणी 31 अंशांवर होतं, आता 27. झोआ फिकट, निम्मे मिटलेले. लेदर सहा दिवस बंद, वर मेणासारखी चकाकी. सॅलिनिटी (खारेपणा) 1.029, केएच (पाण्याची क्षारता) 7, नायट्रेट 0, फॉस्फेट 0, ते शोषणारा रिमूव्हर चालू. लाइट 80 टक्के, दहा तास. आटलेलं पाणी मिठाच्याच पाण्याने भरतो. लाइट वाढवू का? दुकानदार म्हणतो, झोआ काढा, हॅमर प्रवाळ लावा.

प्रतिसाद 1
लाइट वाढवू नका, 40 टक्के आणि आठ तासांवर आणा. उष्णतेने झोआंच्या पेशींतलं शैवाल बाहेर पडलंय. उरलंय त्याला प्रखर उजेड सोसत नाही. रंग परतू लागला की दर आठवड्याला 5 टक्के वाढवा.

खरा घोळ मिठाचा आहे. पाणी आटतं, मीठ मागेच राहतं. भर नेहमी आरओ पाण्याची. पण घरच्या आरओत चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो पूर्ण बंद करून मीटरवर आकडा शून्याजवळ आलाय का बघा. मग रोज दीड लीटर टँकचं पाणी काढून तितकंच आरओ घाला, दिवसाला 0.001 च्या आसपास उतरेल. 1.026 ला थांबा. घाई केलीत तर आहेत तेही झोआ मिटतील. काटावाला हायड्रोमीटर असेल तर काट्याला चिकटलेले बुडबुडे झटकून वाचा, नाहीतर आकडा फुगतो.

प्रतिसाद 2
नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य म्हणजे उपासमार. रिमूव्हर आजच काढा, माशांना दिवसातून दोनदा खाऊ द्या. नायट्रेट 5 ते 10, फॉस्फेट 0.05 च्या आसपास हवं. केएच सॅलिनिटी उतरल्यावरच परत मोजा, कारण आरओने तोही खाली येणार. मग दीड ग्रॅम खाण्याचा सोडा आरओत विरघळवून हळूहळू ओता. 50 लीटरला केएच साधारण 1 अंश चढतो. दिवसात त्याहून जास्त नको.

लेदर मेलेलं नाही, कात टाकतंय. पंपाचा झोत तिरका लावा, वरची मेणासारखी साय ड्रॉपरने फुंकून उडवा. पोत घट्ट असेपर्यंत काळजी नाही. मऊ पडून कुजका वास आला तर तो भाग कापा. लेदर रसायनं सोडतं, तेव्हा दोन मोठे चमचे ॲक्टिव्हेटेड कार्बन (कोळसा) धुऊन फिल्टरमध्ये.

हॅमर कठीण प्रवाळ आहे. ती सगळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. तो सल्ला तिथेच ठेवा.

धागाकर्ता
एक गुच्छ पूर्ण गेलाय. खरवडून दगड उकळून घेऊ?

प्रतिसाद 1
उकळायचं अजिबात नाही! झोआंत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं आणि वाफेबरोबर ते थेट फुप्फुसात जातं. गरम पाणी, प्रेशर वॉशर, कोरडं घासणं, सगळं वर्ज्य. हातमोजे आणि चष्मा घाला, दगड बादलीत पाण्याखाली धरूनच मेलेला भाग सोडवा. ते पाणी टँकमध्ये परत नको.