जुना डाग आणि व्हिसाची मेडिकल

तुमच्या भावाच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात 'फायब्रोटिक' (म्हणजे जुन्या व्रणासारखा) डाग दिसला म्हणून व्हिसा गेलाच असं वर कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. निदान अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन यांच्या बाबतीत तरी तसं नसतं. असा डाग बऱ्याचदा जुन्या टीबीचा असतो. टीबी बरा झाला तरी व्रण राहतो, आणि तो औषधाने पुसला जात नाही. तपासणारे डॉक्टर मुख्यतः आत्ता टीबीचे जंतू आहेत का ते बघतात.

त्यासाठी सलग तीन दिवस सकाळी थुंकी देतात. नुसती लाळ चालत नाही, खोल खोकून छातीतला बेडका काढावा लागतो. स्मिअर (थुंकी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) लवकर कळतो, पण कल्चरला (थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघायला) सहा ते आठ आठवडे लागतात. ही 'फाईल अडकली' नव्हे, जंतूच फार हळू वाढतो. तेवढे दिवस धरूनच तिकीट काढा, नोकरीची तारीख ठरवा.

आणि कृपा करून जुने एक्स-रे शोधा! नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडीच हवी. डाग वर्षानुवर्षं तसाच आहे हे शेजारी ठेवून दिसलं की डॉक्टरांचं काम खूप सोपं होतं. पूर्वी उपचार झाले असतील तर औषधांची नावं, तारखा, कोर्स पूर्ण केल्याचा दाखलाही न्या. काहीही लपवू नका, डाग एक्स-रेत दिसतोच.

आखाती देशांचे नियम मात्र बरेच कडक आहेत, तिथे जुन्या व्रणावरूनही 'अनफिट' ठरवतात. भाऊ नेमका कुठे चाललाय?