मदत हवी आहे: टम्बलर नुसता घूं घूं करतो, पितळ फिरतच नाही

मंडळी, टेक्सासला असतो, शूटिंग रेंजवरच्या ९ एमएमच्या रिकाम्या केसेस (झाडलेल्या गोळ्यांची पितळी नळकांडी) आणून घरीच रीलोड करतो, म्हणजे परत भरून गोळ्या बनवतो. केसेस घासून साफ करणारा व्हायब्रेटरी टम्बलर (थरथरणारं भांडं) तीन वर्षं मस्त चालला, आता मोटर सुरू होते पण घासायला आत टाकलेला मक्याच्या कणसाचा भुसा जागच्या जागी थरथरतो, केसेस वर-खाली होतच नाहीत, चार तास लावून पण काळ्याच. अर्धा माल काढून बघितला, किंचित फरक. खाली मोटरच्या शाफ्टवर एका बाजूला जड असलेलं वजन असतं ना, त्याचा स्क्रू ढिला झाला असेल का, की स्प्रिंगाच गेल्या? भुसा पण काळाकुट्ट झालाय, धूळ धरायला ड्रायर शीटचे (कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकतात त्या पातळ कापडाचे) तुकडे टाकतो तरी. (शिशाची धूळ असते म्हणून झाकण लावून बाहेरच चालवतो, बायकोचा हुकूम.) कोणी उघडलंय का? स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) चालेल ना?