मदत हवी आहे: बाल्कनीच्या आडव्या पट्ट्यांमधलं अंतर किती ठेवावं?

समोरची इमारत १२ मीटरवर आहे. खालचा रस्ता दिसावा, पण समोरच्या खिडक्यांतून आत दिसू नये, यासाठी लाकडी पट्ट्यांचा पडदा करायचा आहे. पट्टी १०० मिमी रुंद, १२ मिमी जाड. बाहेरची कड खाली, कोन ४५ अंश (पावसाचं पाणीही बाहेरच पडतं).

पट्ट्यांचं मध्य ते मध्य अंतर ७५ मिमी धरलं तर समोरचा आणि वरचा मजला पूर्ण झाकला जातो. अडचण खालच्या मजल्याची. तिथली नजर साधारण १४ अंशांनी वर येते आणि प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये ११ मिमी फट उघडी राहते. ६० मिमीवर ती बंद होते, रस्ताही फारसा झाकला जात नाही. पण दीड मीटर उंचीत २० ऐवजी २५ पट्ट्या, म्हणजे वजन सव्वापट, आणि वारा कमी.

कैरोच्या जुन्या मश्रबियांत (लाकडी जाळीच्या खिडक्यांत) नजरेच्या पातळीला जाळी दाट आणि वर विरळ दिसते. तसं फक्त बसल्या-उभ्या नजरेच्या पट्ट्यात ६० आणि बाकी ७५ ठेवलं तर चालेल का? दीड मीटर लांबीची पट्टी मध्ये आधार न देता पीळ धरेल का? ३-४ मिमी वाकली तरी हिशेब बिघडतो. रात्री आत दिवा लागल्यावर कोणी असा पडदा बाहेरून पाहिला आहे का?