नव्या मोठ्या घरात आगीचा अलार्म कोणता बसवला? तुमचे अनुभव लिहा

लातूर

आमचं घर गिलाव्याला आलंय. तळमजला, वर दोन मजले, माणसं चौदा. आजोबांच्या वेळचं माळवदाचं घर पाडून त्याच जागी बांधलं. त्या घरात सगळ्या खोल्या चौकात उघडायच्या, कुठं काही करपलं की ओसरीवर वास यायचाच. आता प्रत्येक खोलीला दार आणि एसी, म्हणजे रात्री सगळं बंद. इन्व्हर्टर जिन्याखाली, दादा-वहिनी लेकरांसह दुसऱ्या मजल्यावर. खाली बॅटरीनं पेट घेतला तर वर कळणार कसं? जिन्याचंच धुराडं होणार. ठेकेदार म्हणतो, घराला कोण बसवतंय. मला बसवायचाच आहे. गिलाव्याआधी वायर टाकून घ्यावी लागते, म्हणून घाईनं विचारतेय. चुका झाल्या असतील तर त्याही लिहा.

परभणी

ताई, आमची गोष्ट कापसाची आहे. भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवायची आमच्याकडं पद्धत. कापसाची आग जाळ दाखवत नाही. ठिणगी आत शिरली की ढीग आतल्या आत धुमसत राहतो. दोन वर्षांखाली संध्याकाळी पडलेली ठिणगी आम्हाला पहाटे चारला कळली, तीही आईला खोकला आला म्हणून. वरून हात फिरवला तर कापूस गार, कोपरापर्यंत हात घातला तेव्हा चटका बसला.

नवीन घरात मी ऑप्टिकल डिटेक्टर घेतले. त्यात आत प्रकाशाचा झोत असतो. धूर शिरला की प्रकाश विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि अलार्म वाजतो. धुमसणारी आग तो लवकर पकडतो. आयोनायझेशनवाला हा धुराच्या डिटेक्टरचा दुसरा प्रकार, तो उघड्या जाळाला जास्त चपळ, पण गाद्या, गोधड्या, कापूस असं सगळं आधी धुमसतं. झोपायच्या खोल्यांना ऑप्टिकलच घ्या. कापूस मात्र आता गोठ्यापलीकडच्या शेडमध्येच.

नांदेड

मी हीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर.

ताई, तुमच्या घराला ॲड्रेसेबल पॅनल घ्या. पॅनल म्हणजे सगळे डिटेक्टर जिथं जोडलेले असतात तो मुख्य डबा. साध्या कन्व्हेन्शनल पॅनलवर फक्त झोन कळतो, 'पहिला मजला' एवढंच. ॲड्रेसेबलवर 'जिन्याखाली, इन्व्हर्टर' असं नाव उमटतं. रात्री दोनला चौदा माणसं खोल्या धुंडाळत फिरण्यात आणि थेट बाहेर पडण्यात मोठा फरक आहे. पॅनल महाग पडतं, पण एवढ्या घरात मी तिथं काटकसर करू देत नाही.

स्वयंपाकघरात धुराचा डिटेक्टर बसवूच नका. फोडणी पडली की वाजणार, आणि चार वेळा वाजला की घरातलं कुणीतरी तो काढून ठेवणार. तिथं हीट डिटेक्टर, म्हणजे धुरानं नाही तर उष्णतेनं वाजणारा. देवघरातही तोच, धूप-उदबत्ती असते. शेवटच्या मजल्यावर पत्रा असेल तर मेमध्ये छताखालची हवा भलतीच तापते. साधा हीट डिटेक्टर 57-58 अंशांला वाजतो, तिथं वरच्या अंशाचा मागून घ्या. गॅस गळतीचा डिटेक्टर वेगळा लागतो, आणि सिलिंडर असेल तर तो जमिनीपासून फूटभर उंचीवर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. लोक हौसेनं छताला लावतात आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

पंख्याच्या झोतात, एसीच्या तोंडासमोर किंवा भिंत-छताच्या अगदी कोपऱ्यात डिटेक्टर नको, धूर तिथं पोचत नाही. जिन्याच्या माथ्यावर एक हवाच. पॅनलला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. लाईट गेल्यावर पॅनल 24 तास चालू राहून नंतर अर्धा तास भोंगा वाजेल एवढा हिशोब ठेकेदाराकडून लिहून घ्या. काम आयएस 2189, म्हणजे आगीच्या अलार्मच्या भारतीय मानकाप्रमाणं करतो का, हेही विचारा.

धाराशिव

पुट्टी घासणं आणि रंग संपेपर्यंत डिटेक्टरवरची प्लॅस्टिकची टोपी काढू देऊ नका. आमच्या सहा डिटेक्टरांत धूळ जाऊन बसली, वास्तुशांतीच्या रात्री तीनदा वाजले. सहाही बदलावे लागले.

छत्रपती संभाजीनगर

आमचे आबा 81 वर्षांचे. रात्री कानातलं यंत्र काढून झोपतात. अलार्म बसवला त्या दिवशी दार लावून वाजवून बघितला, सगळं घर दणाणलं आणि आबा शांत झोपलेले. मला तिथंच रडू आलं. उतारवयात आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, आणि बहुतेक भोंगे तसेच किंचाळतात. मग त्यांच्या खोलीत 520 हर्ट्झचा जाड आवाजाचा भोंगा, लखलखणारा दिवा आणि उशीखाली थरथरणारी चकती लावली. आता उठतात. उशीपाशी 75 डेसिबल आवाज पोचला पाहिजे असं म्हणतात. मोबाईलवर मोजा, पण दारं बंद करून. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांच्या खोलीपासून सुरुवात करा.

बीड

गाव तालुक्यापासून लांब, त्यामुळं अग्निशमनची गाडी यायला वेळ लागणारच हे आम्ही धरून चाललो. वायर टाकायची वेळ निघून गेली होती, म्हणून बिनतारी डिटेक्टर घेतले. एक वाजला की सगळे वाजतात, हे मात्र बघून घेतलं. पहिल्या घरात सुटे होते. खालचा वाजत राहिला आणि वर कूलरच्या आवाजात कुणाला पत्ताच नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत सगळे जमले तेव्हा रात्री अकराला न सांगता बटण दाबलं. लेकरं उठली, मोठी उठली, सगळे जिन्यानं खाली आले आणि दारातच अडकले. ग्रिलला कुलूप, चावी बायकोच्या पर्समध्ये, पर्स वरच्या कपाटात. चावी सापडून बाहेर पडेपर्यंत सहा मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी ग्रिलशेजारी आतल्या बाजूला, धाकट्याचा हात पोचेल अशा उंचीवर खिळा ठोकला. चावी तिथंच असते.