मदत हवी आहे: घरावर आलेला जुना आंबा वादळाआधी कसा सांभाळावा?

नमस्कार मंडळी. श्रीवर्धनला आमच्या मागीलदारी आजोबांनी लावलेला रायवळ आंबा आहे. खोड एकट्याच्या कवेत मावत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाडीतल्या सुपाऱ्या धडाधड मोडल्या, हा मात्र एक फांदी देऊन उभा राहिला. ती फांदी जिथून पिळवटून फाटली तिथे आता पोकळी झालीय. पाणी साचतं, खाली ओला भुसा पडतो. भिरूडच असणार, म्हणजे खोड पोखरणारी कीड. तारेने अळी काढून, भोकात औषधाचा बोळा घालून चिखलाने लिंपायचं हे माहीत आहे. पण एवढ्या पोकळीचं काय? सिमेंट भरायचं नाही, आत ओल कोंडते.

खरी काळजी कौलांवर आलेल्या फांदीची. गडी म्हणतो, "शेंडाच उडवा, कटकट नको." मला पटत नाही. शेंडा उडवला की झुपक्याने धुमारे फुटतात, त्यांचा जोड कच्चा, पुढे वाऱ्यात तेच आधी मोडतात. त्यापेक्षा बांडगूळ काढून आतल्या बारीक फांद्या विरळ केल्या तर? मेअखेरीस आंबे उतरल्यावर करावं की पाऊस सरल्यावर? कापावर लावलेली बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) आपल्या पावसात टिकते का?

"तोडून टाका" सोडून काहीही सुचवा. आईचं लोणचं याच्याच कैऱ्यांचं असतं. आणि दोर बांधून फांदी अलगद उतरवणारा जाणकार माणूस रायगडात कुणाच्या माहितीत आहे का?